डाकेचा हात

"आधी खाली उतर!"

मोठे काका धुळ्याच्या बसमधून उतरले ते घरी न जाता थेट स्टेशनवर आले. एका हातात रेक्झिनची बॅग, दुसऱ्या हातात देवपूरच्या दुकानातला मिठाईचा पुडा. मी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर होते. ओढणी कमरेला गुंडाळलेली, हातात ग्रीसचा डबा. नाकालाही ग्रीस लागलंय हे मला कळत होतं, पण पुसायला हात रिकामा नव्हता.

"दोन मिनिटं, काका. चिमटा राहिलाय."

"दहावीची परीक्षा तोंडावर आली आणि ही खांबावर! अभिमन, तुला काही वाटतं का?"

बाबा शिडी धरून उभे होते. मोठ्या भावासमोर बाबांचा आवाज नेहमी अर्धाच बाहेर पडतो. "वाटतं ना, भाऊ," ते म्हणाले. "पडू नये असं वाटतं. म्हणून तर धरलीय."

मी वरून इतकी हसले की शिडी हलली.

"चढू दे रे तिले," खाली दगडावर बसलेले माझे आजोबा, आबा, म्हणाले. "माले चढता ये तव्हय मीच चढे. आते ती चढी. बठ्ठं शिकाडं मी तिले."

सगळं त्यांनीच शिकवलं, हे मात्र शंभर टक्के खरं. हा खांब आबांचा. आमच्या काकरपाडे स्टेशनवर मेल थांबत नाही. एकेरी रुळावर पुढे जायची परवानगी, म्हणजे टोकनची रिंग, घ्यायला जरा हळू होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ घालून निघून जाते. आबा तरुणपणी डाकेची पिशवी या खांबाच्या हाताला टांगायचे. हो, हातच म्हणतात त्याला. खांबातून रुळाकडे पसरलेला लोखंडी दांडा, आणि त्याच्या टोकाला चिमटा. धावत्या डाकडब्यातून एक आकडा बाहेर आलेला असायचा, तो पिशवी उचलून न्यायचा. पिशवीला ओढ बसली की खांबाच्या कमरेशी असलेलं वजन खाली घसरायचं. वजन घसरलं की वरचा चिमटा उघडायचा, आणि हात आपोआप मागे मिटायचा. गाडी आपल्या वाटेनं, हात आपल्या जागी. मग मधली बरीच वर्षं मेल थांबायला लागली आणि हाताला कुणी विचारेना. त्याच्यावर सुगरणींनी घरटी केली. नंतर थांबा पुन्हा गेला, पण हात गंजलेलाच राहिला, आणि आमची डाक बसनं रखडत जायला लागली.

आता डाकखात्याचा निरोप आला होता. डाक त्याच दिवशी मेलवर चढत नसेल, तर काकरपाड्याचं पोस्ट पलीकडच्या मोठ्या गावाला हलवायचं.

पोस्ट म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. आणि पोस्टमास्तर म्हणजे माझी प्रमिला काकू. पुना काका गेले तेव्हा काकूजवळ काय उरलं, तर ते एक टेबल, एक शिक्का आणि रोज सकाळी खिडकीशी येऊन "काही आलं का, बाई?" विचारणारं गाव. ते गेलं तर काकू पुन्हा मागच्या चुलीपाशी. पुढची खोली मोठ्या काकांच्या मुलाला, गुलाबदादाला, खत-बियाण्याच्या दुकानासाठी. हे घरात ठरलेलंच होतं. म्हणजे मोठ्या काकांनी ठरवलं होतं आणि बाकीचे गप्प बसले होते. आमच्या घरात 'ठरणं' म्हणजे एवढंच असतं.

पण मी गप्प बसले नव्हते! मी आबांना खांबापाशी नेऊन बसवलं आणि विचारत सुटले. हे काय, ते कशाला, हे उलट फिरवलं तर काय होईल? पावसाळा संपल्यापासून प्रत्येक रविवारी आम्ही गंज खरवडून रंग देत होतो. काकूनं अर्जावर अर्ज केले. आणि शेवटी खात्यानं एका दिवसाची परवानगी दिली. आजचा रविवार. सकाळी सुरतेकडे जाणारी मेल आणि संध्याकाळी तिकडून येणारी मेल, दोन्ही गाड्यांच्या डाकडब्यांना दोन्ही अंगांनी आकडे बसवले होते. डाक निरीक्षक भावसारसाहेब सकाळची गाडी बघून दुपारच्या बसनं परत जाणार होते.

"झालं," मी खाली उडी मारून म्हणाले. "काका, पेढे आणलेत? म्हणजे तुम्हाला खात्री आहे!"

"तुझ्या आजीच्या वर्षश्राद्धाला आणलेत," काका म्हणाले. पण ओठ हलले त्यांचे. मी बघितलं.

*

आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय विहिरीवरची मोटरसुद्धा चालू करत नाहीत, मग हा तर सरकारी खांब. आईनं हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची जाडजूड माळ खांबाच्या कमरेला घातली, बाबांनी नारळ फोडला. काकू लांब उभी होती. डोक्यावर पदर, छातीशी डाकेची पिशवी. पिशवीत चाचणीसाठी जुनी वर्तमानपत्रं भरली होती, पण तोंड तिनं खऱ्यासारखंच बांधून लाखेचा ठसा मारला होता.

"पोस्टमास्तर कोण?" भावसारसाहेबांनी विचारलं. ते बुटके, टापटीप, मफलरवाले.

सगळे काकूकडे वळले. काकू मोठ्या काकांकडे वळली. म्हणजे तोंडानं नाही, पदरानं. मोठे काका तिचे जेठ, थोरले दीर. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. चहा हवा का, जेवायला वाढू का, सगळं माझ्यामार्फत. आता ती हळूच म्हणाली, "वैजू, तुझ्या काकांना म्हणावं, साहेबांना सांगा, मी आहे."

मी समोरच होते, काका समोरच होते, साहेबही समोरच होते.

"साहेब, ती आहे," मी मधले दोन टप्पे गाळून टाकले.

तेवढ्यात जामनेरहून द्रौपदा आत्या आली. तिला बघून आईच्या हातातली आरतीच थांबली. आत्या आणि काकू कित्येक दिवाळ्या बोलत नव्हत्या. काकूला पोस्ट मिळालं तेव्हा आत्या भर अंगणात म्हणाली होती, घरची सून चारचौघांत टेबलावर बसणार, मग आम्ही माहेराला यायचं कुठल्या तोंडानं? आणि खरंच ती यायची बंद झाली. आज आली ती कशाला, हे सगळ्यांना कळल्यासारखं झालं. तमाशा बघायला.

"या, अक्का," काकू म्हणाली.

आत्यानं उत्तर दिलं नाही. खांबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि कडुलिंबाखाली फतकल मारून बसली.

गाडीला वेळ होता. स्टेशनमास्तरांनी चहाला बोलावलं म्हणून सगळे तिकडे निघाले. "तुम्ही जा," आत्या म्हणाली. "माझे गुडघे धरलेत. मी बसते इथं."

आम्ही परत आलो तेव्हा ती कडुलिंबाखालीच होती आणि सिग्नल पडला होता. मी पिशवी घेऊन वर चढले, कडी चिमट्यात अडकवली, हात रुळाकडे सरळ केला, आणि सरसर उतरले. आबांनी खांबाला हात जोडले. मी पण जोडले. का कुणास ठाऊक, डोळे मिटायचं मात्र मी विसरले, आणि बरंच झालं.

*

मेल आली. मी याआधी हजार वेळा बघितलीय, पण आज ती माझ्याच अंगावर येतेय असं वाटलं. इंजिन गेलं, टोकनची रिंग गेली, डबे गेले. लाल डाकडबा! दारातून आकडा बाहेर आलेला! आकड्यानं पिशवी धरली...

आणि खांब मुळापासून हादरला.

हात मिटला नाही. चिमटा उघडला नाही. पिशवीच टरकन फाटली. अर्धी पिशवी आकड्याला लोंबत नरडाण्याकडे गेली, अर्धी आमच्या हाताला लटकत राहिली, आणि मधली सगळी वर्तमानपत्रं हवेत. पानं रुळांवर, पानं कापसात, पानं आबांच्या पागोट्यावर.

"बकरी पेपर खाई गयी!" कुणीतरी ओरडलं आणि अर्धं गाव खदखदून हसलं.

ग्रीस कमी पडलं का? कडी उलटी लावली का? माझ्यामुळे? माझ्यामुळे काकूची खोली?

भावसारसाहेबांनी मफलर नीट केला. "हात मिटला नाही, म्हणजे धोका," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. "बाई, तुमची धडपड मला दिसली. पण मला याला हो म्हणता येणार नाही."

काकू वाकून एकेक कागद गोळा करायला लागली.

आणि मग आमच्या घरात जे कधीच होत नाही ते झालं. बाबांचा आवाज पूर्ण बाहेर आला.

"भाऊ, तुम्ही सकाळी खांबाशी काय करत होतात?"

"मी?"

"बसमधून उतरल्यावर. आम्ही शिडी आणायला गेलो होतो, परत यायच्या आत तुम्ही बाजूला झालात. स्टेशनच्या पॉइंटवाल्यानं बघितलं तुम्हाला. खांबाला हात लावून उभे होतात!"

"अभिमन, तोंड सांभाळ."

"खोली पाहिजे तर सरळ मागायची! विधवा वहिनीच्या पोटावर असा पाय..."

"बाबा!" मी ओरडले. आई रडायला लागली. आबा दगडावरून उठायची धडपड करत होते आणि त्यांना कुणी हात देत नव्हतं. हसणारं गाव जवळ सरकलं. घरचं भांडण म्हटल्यावर गाव कान देऊन ऐकतं.

मोठ्या काकांचा चेहरा पांढरा पडला. ते काय करत होते, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. लहानपणी ते आणि पुना काका या खांबाखाली बसून वरच्या हाताला खडे मारायचे. ज्याचा खडा लागेल त्यानं दुसऱ्याच्या वाटची शेव खायची. पुना काकांचा नेम पक्का होता, त्यामुळे मोठ्या काकांना शेव कधी मिळाली नाही. आज बसमधून उतरल्यावर खांब रंगवलेला दिसला, आणि त्यांना वाटलं, आता इथं पुना असता तर. म्हणून हात लावला. हे भर गर्दीत सांगायचं कसं? खत-बियाण्याच्या दुकानाची भाषा बोलणारा माणूस शेवेचं कसं बोलेल? ते नुसते उभे राहिले. आणि गप्प उभा राहिलेला माणूस चोरासारखाच दिसतो.

तेव्हा काकू उठली. कागद छातीशी धरलेले, पदर खांद्यावर घसरलेला. आणि माझ्याकडे न बघता, कुणाकडेही न बघता, सरळ जेठांकडे बघून म्हणाली,

"भाऊजी, तुम्ही केलं नाही हे."

मध्ये मी नव्हते!

"पोस्टाच्या खिडकीतून खांब दिसतो," काकू म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "तुम्ही चपला काढून उभे होतात. मोडायला आलेला माणूस चपला काढत नाही. अभिमन भाऊजी, तुम्ही माफी मागा."

मोठे काका काकूकडे बघत होते, जणू ती आजच या घरात आली होती. एवढी वर्षं त्यांनी तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला होता.

"वैजू," ती मला म्हणाली, आणि आता तो आवाज पोस्टमास्तरचा होता. "रडू नकोस. खांब बघ. काय अडलंय ते शोध."

मी शोधलं. वर चढले, चिमटा बघितला. लोण्यासारखा हलत होता. कडी ठीक. हाताचा सांधा ठीक. मग वजन. वजन खांबाच्या कमरेशी, आईच्या झेंडूच्या माळेखाली. मी माळ वर सरकवली.

आत नाडा होता. लाल-पिवळा, पूजेचा. खांबाभोवती आणि वजनाभोवती मिळून गुंडाळलेला, एकावर एक, एकावर एक. सुताची अख्खी गुंडी संपवलेली. वटपौर्णिमेला वडाभोवती सूत फिरवतात अगदी तसाच, घट्ट, श्रद्धेनं. एवढ्या सुतात हत्तीसुद्धा बांधला गेला असता, तर आमचं वजन काय घसरणार!

"हे कुणी केलं?"

कडुलिंबाखाली आत्या उभी राहिली. गुडघे धरलेली आत्या, एका दमात.

"मीच बांधा तो नाडा."

मी माळ तशीच वर धरून तिच्याकडे वळले.

"तिनं चांगलं व्हवो म्हनीसन बांधा!" आत्याला एकदम रडू फुटलं. "माले काय माहीत त्या वजनले खाले पडनं ऱ्हास!"

जामनेरहून बसमध्ये ती गुंडी तिनं मुठीत धरून आणली होती. काकूशी बोलायला तिला तोंड नव्हतं, पण देवाशी बोलायला होतं. सगळे चहाला गेल्यावर ती माळ वर सरकवून, सूत गुंडाळत खांबाभोवती प्रदक्षिणा घालत होती, एकटी, दुखऱ्या गुडघ्यांनी. ज्या टेबलावरून आपण टोमणा मारला तेच टेबल वाचावं म्हणून. आणि तिच्याच नाड्यानं पिशवी फाटली.

काकू तिच्याकडे गेली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल. पण काकू हसायला लागली. आधी नुसते खांदे, मग आवाज, मग डोळ्यांतून पाणी. "अक्का," ती हसता हसता म्हणाली, "एवढं घट्ट बांधलंत? मी कुठं पळून जाणार होते?"

आत्यानं तिला धरलं आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर हसत होत्या की रडत होत्या ते देव जाणे. भावसारसाहेबांनी तोंड दुसरीकडे केलं आणि चष्मा पुसला.

*

पण साहेबांची बस दुपारी होती.

"चूक सापडली हे चांगलं झालं," ते म्हणाले. "पण मी सकाळची गाडी पाहिली. जे पाहिलं तेच मला कळवावं लागेल."

"बरोबर आहे, साहेब," मोठे काका म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. काकांनी बॅग खाली ठेवली. सकाळपासून पहिल्यांदा.

"तुमचं अगदी बरोबर आहे. तुम्ही नाही म्हणूनच लिहा. पण साहेब, परवानगी दोन गाड्यांची आहे ना? मग अर्धीच चाचणी बघून पूर्ण नाही कसं लिहिणार? वरच्यांनी विचारलं, संध्याकाळच्या गाडीचं काय झालं, तर काय सांगाल, बस होती?"

साहेबांनी घड्याळ बघितलं.

"आणि दुसरं," काका त्यांच्या खांद्याला अलगद हात लावून शेताकडे वळले, "डिसेंबरात काकरपाड्याला येऊन भरीत न खाता परत गेलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. वांगी आमच्या मळ्यातली आहेत. हिरवी, लांब. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली. तुम्ही जळगावचे, तुम्हाला मी काय सांगू?"

"मी पथ्यावर आहे," साहेब म्हणाले. पण नाकानं धुराकडे बघून म्हणाले.

काकांना त्या वेळी काय वाटत होतं, तेही त्यांनी सांगितलं मला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणाच्या तरी बाजूनं बोलतोय असं वाटत होतं. नेहमी ते बोलायचे तेव्हा बाकीचे गप्प व्हायचे. आज ते बोलत होते आणि मागे सगळं घर श्वास धरून त्यांच्याबरोबर होतं. फार मजा आली, म्हणाले. वांग्याच्या देठाला धरून आणखी तासभर बोललो असतो.

भावसारसाहेबांनी भरीत खाल्लं. आधी चाखायला म्हणून. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडून. मग कांद्याची पात मागून घेऊन. बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, वांगी ठेचणाऱ्या बाबांना त्यांनी मिरची वाढवायला सांगितली, तेव्हा लांब रस्त्यावरून त्यांची बस हॉर्न वाजवत निघून गेली. साहेबांनी ऐकलं. घास थांबला नाही.

बाबा बडगी सोडून मोठ्या काकांच्या पानात भरीत वाढायला गेले. "भाऊ," ते म्हणाले, पुन्हा अर्ध्या आवाजात, "मघाशी मी..."

"वाढ," काका म्हणाले. "तेल कमी घातलंयस. बाकी सगळं ठीक."

तिकडे पोस्टाच्या ओट्यावर काकू आणि आत्या दुसऱ्या पिशवीला कडी शिवत बसल्या होत्या. आत्या गोधड्या शिवते त्या जाड सुईनं, दुहेरी दोऱ्यानं. "आता गाडी फाटेल," आत्या म्हणाली, "पिशवी फाटायची नाही." मी वजन वर-खाली करून बघत होते. एकदा, पुन्हा, पुन्हा. आबा म्हणाले, थकवशील त्याला. मी म्हटलं, थकू दे, पण पडू दे!

*

संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि कापसाची बोंडं पिवळी दिसायला लागली तेव्हा सिग्नल पडला. सकाळी हसायला आलेलं गाव आता दुप्पट झालं होतं, आणि आता कुणी हसत नव्हतं. आईनं माळ घालायला घेतली तेव्हा आत्यानंच तिचा हात धरला. "नको गं बाई. काहीच नको बांधू."

भावसारसाहेब खांबापासून जरा लांब, पाय फाकवून उभे. "वर कोण चढणार?" हे त्यांनी सकाळी विचारलं नव्हतं, आता विचारलं.

"मी."

त्यांनी मोठ्या काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तीच चढते. तिचंच काम आहे ते." आणि शिडी धरायला स्वतः पुढे झाले. माझ्या बाबांशेजारी. दोघे भाऊ एका शिडीला.

मी चढले. वरून मला सगळं दिसत होतं. तापीकडचं धुकं, स्टेशनचं कौलारू छप्पर, खाली काकूचा उघडा भांग, आबांचं पागोटं, आणि लांब, फार लांब, रुळांच्या टोकाला एक काळा ठिपका. कडी चिमट्यात बसली. मी हात रुळाकडे वळवला. आणि मला एकदम भीती वाटेनाशी झाली. म्हणजे होती, पण ती खाली राहिली, शिडीच्या पायथ्याशी.

"उतर, वैजू!"

उतरले.

"मेल उनी! बठ्ठा मांगे सरका!" आबा ओरडले. ते तरुणपणी असेच ओरडायचे म्हणे, आणि आज तोच आवाज आला. पॉइंटवाला टोकनची रिंग वर धरून पळाला. जमीन थरथरली. इंजिन! रिंग गेली! डबा, डबा, डबा, आणि लाल डाकडबा. दारातला माणूस आकडा बाहेर काढून वाकलेला, आणि त्याचे डोळे आमच्या पिशवीवर.

खट्!

वजन सरकन घसरलं. चिमटा उघडला. पिशवी हवेत एक झोका घेऊन आकड्यावर बसली, जशी काही ती कायम तिथंच बसत आलीय. आणि हात मिटला! आमचा हात, अलगद, मागे, खांबाला लागून, जसा एखादा माणूस नमस्कार करून हात खाली घेतो तसा. गाडी धडधडत निघून चालली. लांब गेलेल्या डाकडब्याच्या दारातून त्या माणसानं पिशवी दोन्ही हातांनी वर धरून हलवली.

"दखा! दखा रे! गयी पिशवी!"

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. सगळे एकदम ओरडत होते. बाबांनी मला उचललं, मी दहावीत असून. आई आत्याला मिठी मारत होती, आत्या काकूला, आणि कुणीतरी भावसारसाहेबांनाही. आबा मात्र मिटलेल्या हाताकडे बघत एकटेच उभे होते, ओठ हलत होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगला मिटला." आणि मला वाटलं, आता मी उडेन.

साहेब खांबाजवळ आले. वजनाला बोट लावून बघितलं, वर बघितलं, पुन्हा वजनाकडे. "पिशवी गेली," ते म्हणाले. "हात मिटला. दोन्ही मी पाहिलं." मग काकूकडे वळले. "बाई, मी हो लिहितोय. पोस्ट इथून हलत नाही. सकाळच्या मेलला उद्यापासूनच पिशवी तयार ठेवा."

"ठेवते," काकू म्हणाली. एवढंच. पण त्या 'ठेवते'मध्ये काय काय होतं ते ज्यांनी ऐकलं त्यांनाच माहीत.

आणि मग गावानं काय करावं! सगळं गाव पोस्टाच्या खिडकीशी. प्रत्येकाला उद्याच्या मेलनं आपलंच पत्र जायला पाहिजे होतं. कुणाला भुसावळच्या मुलीला लिहायचं होतं, कुणाला सुरतेच्या भावाला, एकाला तर कुणालाच लिहायचं नव्हतं, नुसतं कार्ड घ्यायचं होतं. काकू म्हणाली, आज रविवार आहे. गाव म्हणालं, मग काय झालं? भावसारसाहेब म्हणाले, मी काही बघितलं नाही, आणि ओट्यावर जाऊन पथ्याचे पेढे खात बसले. काकूनं दार उघडलं, टेबलाशी बसली, आणि शिक्का हाणायला लागली. धप्. धप्. धप्. आत्या तिच्या शेजारी स्टुलावर, डिंक लावायला. चारचौघांत. टेबलावर.

रांगेत मोठे काका होते. कुणी पुढे जागा दिली तरी गेले नाहीत, आपली पाळी येईपर्यंत उभे राहिले.

"एक कार्ड," त्यांनी सांगितलं आणि तिथंच, भिंतीला टेकवून, उभ्यानं लिहिलं. काकूपुढे सरकवलं. ती वाचत नव्हती, पण मी वाचलं. डिंकाचा ब्रश द्यायच्या निमित्तानं मी वाकलेच होते. कार्ड गुलाबदादाला होतं. 'चि. गुलाब, दुकानासाठी धुळ्यातच दुसरी जागा बघ. इथली खोली रिकामी नाही. तुझे वडील.'

"काका," मी म्हटलं, "तुम्ही उद्या सकाळच्या बसनं धुळ्याला जाणार. पत्राच्या आधी घरी पोचणार. तोंडानंच सांगा ना!"

काकांनी काकूकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तोंडानं सांगितलेलं मी रस्त्यात बदलीन," ते म्हणाले. "मला मी ओळखतो. यावर शिक्का बसू दे."

काकूनं कार्ड हातात घेतलं. आता तिनं वाचलं असावं, कारण शिक्का वर उचललेला हात तसाच राहिला. खोलीत डिंकाचा आणि लाखेचा वास होता. तिनं कार्ड उलटलं, पत्त्याची बाजू बघितली, आणि परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"पिनकोड राहिलाय, भाऊजी," काकू म्हणाली. "त्याशिवाय मी घेणार नाही."

मोठ्या काकांनी खिशातून पुन्हा पेन काढलं.